वरचं बोटभर सिमेंट

मुर्री, १४ मे २०२५

चि. जावईबापू हेमेंद्र,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला असं समजा. मनातून निघाला की नाही, ते विचारू नका.

माझा फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या सासूबाईच्या, सुशिलाबाईच्या फोनवरून लावला तर ‘हॅलो’ म्हणालात, माझा आवाज ऐकला आणि कापला. म्हणून हा कागद. कागद फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

कुडव्याच्या लॉनवर परवा जे झालं ते तुम्ही तुमच्या घरी कसं सांगितलं असेल मला माहीत नाही. मी पाहिलं ते सांगतो. इंद्रकुमार शेठच्या त्या लॉनच्या अंगणात दरसाल पाणी साचायचं, लग्नं बुडायची. तुम्ही दोघा नवराबायकोनं त्याला पटवलं, की असं काँक्रीट टाकू जे पाणी पिईल. वरून पडलं की आरपार खाली जमिनीत. दुर्गेश्वरीनं माझ्या सिमेंट-ब्लॉकच्या प्लांटवर मिक्स ठरवलं. गिट्टी कोणती, पाणी किती, सिमेंट किती, सगळं तिचं. तुम्ही तुमच्या नवेगाव बांधच्या माणसांकडून ते टाकून घेतलं. लेक ठरवते आणि जावई टाकतो, याचं मला त्या दिवसांत फार कौतुक होतं. चहाच्या टपरीवर सांगत सुटलो होतो.

परवा लग्नात अवकाळी आला. तुमच्या अंगणानं थेंब पिला नाही. पाहुण्यांच्या चपला मंडपातून गेटकडे निघाल्या, एकट्याच. नवरदेवाच्या मामानं धोतर वर धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. शेठ माइकवाल्याच्या शेजारी उभा राहून ओरडला, “क्यों इंजिनियर साहब, ये पानी पीने वाला आंगन है? ये तो कुल्ला भी नहीं कर रहा!”

लोक हसले. मीही हसलो असतो, बोलणं झकास होतं. पण तुम्ही काय म्हणालात? “शेठजी, मिक्स हमारी मिसेस का था. मैंने तो जैसा आया वैसा डाला.”

मी भाताच्या गंजापाशी होतो. मध्ये बँड, पाऊस, बायांचा आरडाओरडा. तरी ऐकू आलं. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मिक्सरकडे पाठ करून सांगतो की पाणी जास्त झालं. घमेली वाहत होतो तेव्हापासून या कानांवर पोट भरलं आहे. मालक कोणाला काय सांगतो ते ऐकून ठेवलं, म्हणून पुढं मालक झालो.

दुर्गेश्वरी माझ्याहून जवळ होती. तिच्या हातात ताट होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, आवाज न करता, आणि माझ्या गाडीत येऊन बसली. ताट आपटलं असतं तर मी समजूत घालून तुमच्याकडे पाठवली असती. आपटलं नाही, म्हणून मी गाडी मुर्रीकडे वळवली.

तुम्हाला वाटत असेल, एक वाक्य बोललो, पावसात वाहून गेलं. नाही गेलं. शेठ दिवसभर गोंदियात फिरतो आणि फिरता फिरता बोलतो. काल प्लांटवर ब्लॉक घ्यायला आलेला एक जण मला म्हणाला, “पोरीनं बनवले तेच देऊन राहिले का जी? मग नको.” हसत म्हणाला. बालाघाट रोडवरच्या एका दवाखान्याच्या पार्किंगचं काम तिच्याकडे येत होतं. त्यांचा निरोप आला, “मॅडम, फिलहाल रुकते हैं.”

या कामाला तिचं नाव लागत होतं, जावईबापू. माझं नाही, तुमचं नाही. आमच्या भागात मिक्स ठरवणारी बाई कोणी पाहिली नव्हती. लोक आत्ता कुठे विश्वास ठेवायला लागले होते.

माझं मागणं एकच आहे. ज्या लोकांपुढे तिचं नाव घालवलं, त्यांच्यापुढे परत करा. कुडव्यात, त्याच अंगणात उभं राहून. मग मुर्रीचं गेट तुम्हाला उघडं.

तुम्ही नेमकं काय केलं ते मला अजून माहीत नाही. पण काहीतरी केलं आहे. मी माझ्या पोरीचं मिक्स हातात घेऊन पाहिलं होतं.

गुलाबचंद बिसेन

*

मुर्री, ३ जून २०२५

जावईबापू,

उत्तर आलं नाही. बरं. माझ्याकडे सांगायला पुष्कळ आहे.

शेठच्या अंगणाचा एक तुकडा कापून आणला. मशीननं गोल कापतात तसा, हातभर लांब नाही, वीतभरच. शेठ आधी देईना. म्हणे, “एक तो आंगन खराब, ऊपर से उसमें छेद करोगे?” मी म्हटलं, शेठजी, छेद राहिले असते तर ही पाळीच आली नसती. तो हसला आणि कापू दिलं. लोकांना हसवलं की दारं उघडतात. ही गोष्ट मी तुम्हाला लग्नाच्या वेळीच शिकवणार होतो, राहून गेलं.

तुकडा घेऊन दुर्गेश्वरी शेडमध्ये बसली. मी शेजारी. तुम्ही इंजिनियर आहात, तरी पुन्हा सांगतो, कारण तुम्ही हे विसरलात असं दिसतं. मला तिनं असं समजावलं.

“बाबा, मुरमुऱ्याचा लाडू घ्या. मुरमुरे म्हणजे गिट्टी. सगळी एकाच मापाची पाहिजे. बारीक-मोठी मिसळली तर बारीक जाऊन भोकात बसते. वाळू म्हणूनच घातली नाही. गुळाचा पाक म्हणजे सिमेंट-पाणी. पाक कोरडा राहिला तर लाडू भुगा होतो. पातळ झाला तर सगळा खाली उतरतो आणि बुडाशी चिक्की होते. मुठीत दाबून पाहायचं. गोळा फुटला नाही आणि हाताला पाक लागला नाही, म्हणजे जमलं.”

“मग दाबायचा किती?” मी विचारलं.

“तेच तर आहे सगळं. अलगद वळला तर गाडीच्या चाकाखाली गिट्टी सुटते. आवळून वळला तर लाडू नाही राहत, गोटा होतो. हातानं ढकलायचा हलका रोलर, जाऊन-येऊन, बस. थरथरणारा मोठा रोलर आणायचाच नाही. मी त्यांना सांगितलं होतं.”

‘त्यांना’ म्हणजे तुम्हाला. तुमचं नाव ती घेत नाही.

मग तिनं तुकड्यावर पाणी ओतलं. थाळीत ओतल्यासारखं उभं राहिलं. मग वरचं बोटभर करवतीनं कापून बाजूला ठेवलं आणि उरलेल्या तुकड्यावर ओतलं. जावईबापू, पाणी दिसलंच नाही. वरून गेलं आणि खाली माझ्या पायावर पडलं. चप्पल भिजली. मी उठून उभा राहिलो आणि खरं सांगतो, ओरडलो. ती हसली नाही. दोन्ही तुकडे सुके तोलले, मग पाण्यात बुडवून तोलले, आणि हिशेब केला. खालच्यात शंभरात वीस भाग पोकळ. तिनं ठरवलं होतं तेवढंच. वरच्या बोटभरात चार भागही नाही.

मिक्स बरोबर होतं. वरचं बोटभर कोणीतरी मारून टाकलं.

ते कोण, हे विचारायला मी नवेगाव बांधला आलो होतो. तुमच्या घरी नाही आलो. बकाराम मिस्त्रीच्या घरी गेलो. तलावावरून नुकताच आला होता, अंगाला मासळीचा वास. मला खाट दिली, चहा दिला. त्याच्या पोटात काही राहत नाही.

“मालक, काम झ्याक झालं होतं जी. मंग दुसऱ्या दिवशी शेठचा भाऊ आला. म्हने, हे का मुरमुऱ्याचा लाडू टाकला अंगनात? सारे हासले. जवाईबापूचं तोंड एवढंसं झालं. मले म्हने, बकाराम, हे भोकं दिसले नाई पायजे.”

“दुसऱ्या दिवशी? तोपर्यंत सुकलं असेल ना रे?”

“नाई जी, पयल्या दिवशी टाकलेलं नाई घोटलं. कडंचा एक पट्टा टाकला होता तो पाहून शेठचा भाऊ बोलला. बाकी सारं अंगन त्याच्यानंतर टाकलं. त्याच्यावर मोठा रोलर फिरवला. मंग कोरडं सिमेंट भुरभुरवलं, पानी शिंपडलं आन् आमी सारे बसलो थापी घेऊन. घोटून घोटून असं केलं, मालक, का तोंड दिसे त्याच्यात!”

आणि मग अभिमानानं छाती पुढे करून म्हणाला, “खळ्यावानी केलं जी. धानाचा एक दाना आत जानार नाई!”

आता त्याला काय बोलणार? त्याच्या बापानं, आज्यानं धानाची खळी केली. चोपायची, शेणानं सारवायची, इतकी की दाणा भेगेत जाऊ नये. खळ्यात भोक म्हणजे शरमेची गोष्ट. त्याला भोकांचं अंगण करायला सांगितलं, तर त्याचे हात कसे थांबतील? त्याला थांबवायला तुम्ही होतात. तुम्ही इंजिनियर होतात. पण चार लोक हसले आणि तुम्हीही खळंच केलं.

तेवढ्यानं मी रागावलो नसतो. काम करणाऱ्याच्या हातून काम बिघडतं. पण बिघडलं कोणाच्या हातून, हे तुम्हाला त्या दिवशी माइकपाशी ठाऊक होतं. ठाऊक असून तिचं नाव घेतलं.

कापलेले दोन्ही तुकडे माझ्या ऑफिसात टेबलावर आहेत. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ‘अजून’ हा शब्द वाचून पुढं जा.

हे पत्र दुर्गेश्वरीला माहीत नाही. माहीत असायची गरज नाही.

गुलाबचंद

*

मुर्री, २२ जुलै २०२५

जावईबापू,

परवा तुम्ही गेटपर्यंत आलात. पावसात, रेनकोट न घालता. दया यावी म्हणून रेनकोट घातला नसेल, असं मी धरून चालतो.

आपलं बोलणं झालं तेवढंच पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगू नये. तुम्ही म्हणालात, “मामाजी, मला दुर्गेश्वरीशी बोलू द्या. तिच्यापुढं सगळं कबूल करतो. पाया पडतो.”

मी म्हटलं, कबूल तिच्यापुढं नका करू, तिला माहीत आहे. लोकांपुढं करा.

तुम्ही म्हणालात, “मग मला काम कोण देणार, मामाजी?”

बघा, हाच प्रश्न. तुम्हाला काम कोण देणार याची तुम्हाला काळजी. तिला कोण देणार याची त्या दिवशी नव्हती.

मग तुम्ही विचारलं, ती आहे का घरी? मी म्हटलं, झोपली आहे. दुपारचे कामगार ब्लॉक उचलत होते आणि शेडमधून तिचा आवाज येत होता, “ओले आहेत काका, दोन दिवस हात नका लावू.” तुम्हालाही ऐकू आलं असेल. तुम्ही गाडी वळवली. थोडा जोर केला असता तर मी अडवलं असतं की नाही, मलाही सांगता येत नाही.

तुम्ही येऊन गेलात हे तिला सांगितलेलं नाही. का सांगू? तिचं आता बरं चाललं आहे. प्लांटचं सगळं तीच पाहते. ब्लॉकची तक्रार येत नाही. साचे बदलले, गिट्टी चाळून घेते. माझा दहा वर्षांचा ताप तिनं दोन महिन्यांत काढला. इतकी वर्षं माझ्या ऑफिसात मीच बसत होतो, आता येणारे विचारतात, मॅडम कुठं आहेत? असू द्या, मला बरं वाटतं. तुमच्या घरी ती पोळ्या लाटून मिक्स ठरवत होती.

जेवते कमी. ते तुम्हाला सांगायचं कारण नाही.

तुमच्या आईचा, प्रेमिलाबाईंचा फोन सुशिलाबाईला आला होता. विहीणबाई बोलल्या ते मी शेजारच्या खोलीत बसून ऐकलं. “बाई मानसानं एवढं धरून नाई बसावं. नवऱ्याच्या तोंडून एक बोल गेला तर काय संसार मोडतेत?” सुशिलाबाई म्हणाली, “विहीणबाई, आमची पोरगी धरून नाही बसली. धरून बसले ते वेगळेच.” मी तिकडून खाकरलो. तिनं फोन ठेवला आणि माझ्या पुढ्यात भात वाढला, इतका की खाली सांडला.

सुशिलाबाई भोळी आहे. तिला वाटतं, दोन माणसं समोरासमोर बसली की सगळं मिटतं. मी बाजारात आयुष्य काढलं आहे. चारचौघांत गेलेलं नाव घरात बसून परत येत नाही. आधी कुडवा, मग मुर्री. माझा शब्द तोच.

गुलाबचंद

*

मुर्री, ६ ऑक्टोबर २०२५

जावईबापू,

तुम्ही कुडव्यात होतात, तरी लिहितो. तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्याखेरीज हे मी कोणाला लिहिणार?

शेठकडे दुर्गेश्वरी स्वतःच गेली होती. मला विचारलं नाही. म्हणाली, “शेठजी, आंगन तोडिए मत. ऊपर का उंगली भर घिसवा देंगे, नीचे सब ठीक है. और कोने में एक टुकड़ा नया डालकर दिखाती हूँ.” शेठ धंद्याचा माणूस. अंगण फोडून नवीन करण्यापेक्षा घासून होत असेल तर त्याला हवंच होतं. आणि मिस्त्री कोण मागितला तिनं? बकाराम. मी म्हटलं, वेडी झालीस का, त्यानंच तर घोटलं. ती म्हणाली, “बाबा, ज्याला घोटता येतं त्यालाच थांबता येईल.”

कोपरा टाकला त्या दिवशी मी होतो. बकारामची तडफड पाहायला हवी होती. हलका रोलर एकदा गेला, एकदा आला. तिनं हात वर केला, बस. बकाराम थापी घेऊन तसाच उकिडवा बसलेला.

“बाई, भोकं दिसून राह्यले जी.”

“दिसू द्या, काका.”

“लोकं हासतीन ना.”

“हसू द्या.”

“थोडीशी, अशी वरतून थापी लावू का? नुसती अशी?”

“काका, थापी माझ्याकडं द्या.”

त्यानं दिली. लहान लेकराचा खेळ काढून घ्यावा तसं तोंड केलं. मग तिनं ताडपत्री अंथरायला लावली आणि त्याला म्हणाली, आता घरी जा, रात्री येऊन पाहू नका. सगळे हसले, बकारामही.

आता परवाचं. दसरा होऊन गेला होता. वरचं घासून झालं होतं, कोपराही पक्का झाला होता. शेठनं पाण्याचा टँकर बोलावला. दुर्गेश्वरीला वाटलं, शेठ, बकाराम आणि ती, एवढेच असतील. माणसं मी बोलावली. त्या लग्नात जे होते ते जमतील तेवढे. शेठचा भाऊ, केटरिंगवाला, तो धोतरवाला मामासुद्धा, आमगावहून आला बिचारा. तुम्हालाही बकारामकडून निरोप मीच पाठवला. शेठनं बोलावलंय असं सांगायला लावलं. ते तुम्हाला कळलंच असेल.

टँकरचा पाइप सोडला. पाणी पडलं आणि गेलं. पडलं आणि गेलं. शेठ वाकून पाहायला लागला. “अरे, पानी गया कहाँ?” पोट सावरत गुडघ्यावर बसला, हात लावून पाहिला. “सूखा है भाई!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुर्गेश्वरीच्या तोंडावर मे महिन्यानंतर पहिल्यांदा मला माझी पोरगी दिसली. त्या क्षणी सगळं संपलं होतं, जावईबापू. नाव परत आलं होतं. पाण्यानंच आणलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं, असं सुशिलाबाई म्हणते. मी मात्र तसं मानत नाही.

मी पिशवीतून ते दोन तुकडे काढले, टेबलावर ठेवले आणि तुम्हाला हाक मारली. तुम्ही टँकरच्या मागे उभे होतात. “जावईबापू, या इकडं. आता सांगा सगळ्यांना, वरचं बोटभर कोणी केलं?”

तुम्ही आलात. तुम्हाला निघून जाता आलं असतं, ते मी नोंदवतो. तुम्ही म्हणालात, “रोलर मी फिरवला. सिमेंट मीच टाकायला लावलं. दुर्गेश्वरीचं मिक्स बरोबर होतं. त्या दिवशी मी खोटं बोललो.” आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

शेठचा भाऊ म्हणाला, “तो अब बीवी के हाथ के नीचे काम करो, इंजिनियर साहब!” हशा झाला. मी पण हसलो. मी पाच महिने या हशाची वाट पाहत होतो.

मग तुम्ही म्हणालात, “दुर्गेश्वरी, हेच मी तुला आधी सांगायला आलो होतो. जुलैत. मग पोळ्याला परत आलो. मामाजींना विचार.”

हसणं थांबलं. तिनं तुमच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

तुम्ही गेलात. त्याच्यानंतर ती एवढंच म्हणाली, सगळ्यांदेखत, पण हळू, “बाबा, हे मी तुम्हाला मागितलं होतं का?”

मी म्हटलं, मागावं कशाला लागतं? बाप आहे मी.

“आणि ते आले तेव्हा मी काय करत होते म्हणून सांगितलं तुम्ही?”

मी तुकडे पिशवीत भरायला लागलो. ती म्हणाली, “त्यांनी लोकांपुढं माझं नाव घेतलं. तुम्ही मला न विचारता माझ्या नावानं नाही म्हटलं.” मग बकारामला म्हणाली, “काका, ताडपत्री घडी करून ठेवा,” आणि शेठच्या ऑटोत बसून गेली. माझ्या गाडीत नाही बसली.

मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. पोळ्याला तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात मिठाईचा डबा होता. पोरीचं नाव घालवून मिठाई घेऊन येणाऱ्या माणसाला आत घेणारा बाप मी नाही. तुम्ही कुडव्यात बोललात, ते मी बोलावून घेतलं म्हणून बोललात. नाहीतर आयुष्यभर माझ्या गेटपाशीच कबूल करत राहिला असता.

बालाघाट रोडच्या दवाखान्यातून तिला फोन आला आहे. काम मिळालं. हे तुम्हाला कळावं.

गुलाबचंद

*

मुर्री, २३ नोव्हेंबर २०२५

हेमेंद्रराव,

दुर्गेश्वरी रायपूरला गेली. दवाखान्याचं काम पुरं करून गेली, अर्धं टाकून नाही. तिथं एका कंपनीत मिक्स ठरवायच्या जागेवर घेतलं आहे. जाताना तिच्या आईच्या पाया पडली, माझ्याही पडली. मी म्हटलं, प्लांट कोण पाहील? म्हणाली, “तुम्ही पाहत होतात ना, बाबा.” तसं बोलली जसं गिऱ्हाइकाशी बोलते, नीट, आवाज न चढवता.

तुमच्याकडेही येणार नाही आणि इथंही राहणार नाही, असं त्या वेळी मला वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. म्हटलं, जावई आणि मी एका मापात आलो.

प्लांटवर आता पुन्हा मीच बसतो. येणारा विचारतो, मॅडम? मी सांगतो, मोठ्या कामावर गेल्या. लोक म्हणतात, वा! शेठसुद्धा परवा म्हणाला, “गुलाबचंदजी, बेटी ने नाम कर दिया.” कुडव्यात चार अंगणं तशी टाकायची विचारणा आहे. मला विचारतात, तुम्ही टाकाल का? मिक्स मला पाठ आहे, तिनंच शिकवलं. पण मी नाही म्हणतो. बकाराम रागावला. म्हणे, “आता थांबाले शिकलो तं काम नाई जी!”

ती आईला फोन करते. आधी वाटायचं, आईलाच करते.

काल सुशिलाबाई स्वयंपाकघरात तिच्याशी फोनवर बोलत होती, मी ओसरीवर होतो. ती म्हणाली, “हो का? काल पण बोलला का हेमेंद्र? काय म्हणतो?” मग बराच वेळ ऐकत राहिली. मग हसली. सुशिलाबाई आमच्या घरात अशी हसल्याला दिवस झाले. मी आत गेलो तर म्हणाली, काही नाही, भाजी जळते, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

म्हणजे पोरगी तुमच्याशी बोलते.

मी हिशेब मांडून पाहिला. घाव तुमचा, पहिला तुमचा, सगळ्यांत मोठा तुमचा. मी फक्त तिच्या बाजूनं उभा होतो. तुम्ही एकदा चारचौघांत चार वाक्यं बोललात आणि सुटलात. ती वाक्यं बोलायला लावणारा मी. मला कोणी टँकरच्या मागून हाक मारत नाही. मारली असती तरी काय बोललो असतो, माहीत नाही. ‘मी रोलर फिरवला’ असं सांगायला मी रोलर फिरवला नव्हता.

तुम्ही रायपूरला जाणार आहात का, विचारत नाही. तुमचं तुम्ही पाहा. गेलात तर तिथंही आता थंडी पडली असेल, आणि दुर्गेश्वरी साइटवर स्वेटर घालत नाही. सिमेंटची धूळ बसते म्हणते. तिला चिडवलं तर घालते. तिच्या आईला हे जमत नाही. मला जमायचं.

एक काम आहे. हुकूम नाही, अट पण नाही, गेट तर नाहीच. तुमचं तिचं बोलणं होतं, त्यात बोलता बोलता ती माझं नाव काढते का? चांगलं-वाईट कसंही. ‘बाबा जेवतात का’ एवढंही चालेल. काढलं असेल तर दोन ओळी लिहा. मी विचारलं हे मात्र तिला कळू देऊ नका.

नसेल काढलं, तर उत्तर पाठवू नका, नेहमीसारखं.

गुलाबचंद